ट्रॅक्टरची बॅटरी काढताना व बसवताना घ्यावयाची काळजी



मागील गळीत हंगामातील गोष्ट आहे. आपल्या एका सभासदाचा नवा, पन्नास अश्वशक्तीवरचा ट्रॅक्टर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याकडे येत होता. ओढ्याच्या चढाला पुढच्या ट्रॉलीच्या दांड्याचा जोड उकलला. रात्रीची वेळ. जवळच्या गावातल्या वेल्डरला झोपेतून उठवून आणले, जनरेटर लावला आणि ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असतानाच पाच-सहा रॉड जाळून जोड पक्का केला. काम अर्ध्या तासात उरकले. सर्वांना हायसे वाटले. मग किल्ली फिरवली, तर स्टार्टर फिरतो पण इंजिन काही धरेना. मीटरवरचे तांबडे-पिवळे दिवे लागून राहिले. सकाळी मेकॅनिक आला, त्याने तपासणीचे यंत्र लावले आणि म्हणाला, "मालक, ईसीएम गेला."

तो भाग मागवून, बसवून, ट्रॅक्टर पुन्हा रस्त्यावर यायला नऊ दिवस गेले. नऊ दिवस टोळी फडात बसून. भरलेल्या ट्रॉल्या दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून आणल्या, त्याचे भाडे वेगळे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आपण दरवर्षी सांगतो. तो ऊस तिसऱ्या दिवशी पडला. वजनही घटले आणि साखरही. ते सभासद नंतर आमच्या खात्यात आले तेव्हा एवढेच म्हणाले, "बॅटरीची वायर काढायला पाच मिनिटं लागली असती. कुणी सांगितलंच नाही हो."

त्यांचे म्हणणे खरे आहे. कोणी सांगितले नव्हते. म्हणून हा लेख लिहिला आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी तो स्वतः वाचावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या ड्रायव्हरला वाचून दाखवावा.

जुना ट्रॅक्टर आणि नवा ट्रॅक्टर

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पहिला ट्रॅक्टर आला तो मुंबईच्या उपनगरातून. महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. कांदिवलीच्या कारखान्यातून १९६५ साली बी-२७५ हा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. १९७७ साली ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. बॅटरीही पुष्कळदा तिकडचीच असे. मुलुंड-घाटकोपरच्या मध्ये कांजूरमार्गला स्टँडर्ड बॅटरीज कंपनीचा कारखाना होता. तो पुढे १९९८ साली एक्साईडने घेतला. म्हणजे ट्रॅक्टर पश्चिम रेल्वेच्या बाजूचा आणि बॅटरी मध्य रेल्वेच्या बाजूची, आणि दोन्हींची गाठ पडायची ती आपल्या उसाच्या बांधावर.

त्या काळच्या ट्रॅक्टरची वीज म्हणजे काय? एक बॅटरी, एक स्टार्टर, एक डायनॅमो, त्याचा कटआऊट, दोन दिवे आणि एक भोंगा. डिझेल पंपाला विजेची गरजच नव्हती. एकदा इंजिन धरले की बॅटरी काढून ठेवली तरी ट्रॅक्टर दिवसभर नांगरत असे. बॅटरी उतरली तर उतारावर लावून, ढकलून इंजिन चालू करायचे. डायनॅमो चार्ज करतो की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर उचलून ठिणगी बघायची, ही तर सर्रास पद्धत. त्यात फार तर एखादा बल्ब उडे. जळण्यासारखे नाजूक असे तेथे काही नव्हतेच.

आजचा ट्रॅक्टर तसा राहिलेला नाही. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. अल्टरनेटरच्या आत डायोड असतात. ते वीज एकाच दिशेने जाऊ देतात. उलटी वीज किंवा जादा दाब मिळाला की जळतात. काट्यांच्या मीटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर आले. आणि १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरला धुराचा 'ट्रेम-४' हा नियम लागू झाल्यापासून या गटात कॉमन रेल पद्धतीची इंजिने आली. यात डिझेल केव्हा, किती आणि किती वेळ सोडायचे हे पंप ठरवत नाही, एक छोटा संगणक ठरवतो. त्याला कंपनीच्या पुस्तकात ईसीयू म्हणतात, मेकॅनिक लोक ईसीएम म्हणतात. ॲल्युमिनियमचा एक चपटा खोका, त्याला जाड वायरींचे दोन-तीन सॉकेट. हा खोका गेला की इंजिन ठणठणीत असूनही ट्रॅक्टर जागचा हलत नाही. ढकलून उपयोग नाही.

ट्रॅक्टर बदलला, पण आपली सवय बी-२७५ च्या काळातीलच राहिली. नुकसान होते ते यामुळे.

बॅटरी ही नुसती स्टार्टरपुरती नसते

बॅटरी म्हणजे इंजिन चालू करण्याची सोय, असे आपण समजतो. तेवढेच तिचे काम नाही. इंजिन चालू झाल्यावर तिचे दुसरे काम सुरू होते. ते नीट समजून घेतले तर पुढचे सारे नियम पाठ करावे लागणार नाहीत.

उपसा सिंचनाची लाईन सर्वांच्या परिचयाची आहे. नदीवर पंप पूर्ण जोरात चालू आहे, पाईपमधून पाणी वेगाने धावते आहे, आणि कोणी वरचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर काय होते? पाण्याला थांबायला वेळच मिळत नाही. सारा वेग दाबात बदलतो, धक्का मागे येतो आणि पाईप फुटते. लाईनवर उभी नळी किंवा हौद असेल तर तो धक्का त्यात जिरतो.

अल्टरनेटर हा पंप समजा आणि बॅटरी हा हौद समजा. इंजिन चालू असताना अल्टरनेटर साधारण १४ व्होल्टने बॅटरीत वीज भरत असतो. अशा वेळी बॅटरीची वायर काढली, तर वाहत्या विजेला जायला जागा राहात नाही. अल्टरनेटरमधील चुंबक लगेच शांत होत नाही. त्यामुळे सेकंदाचा काही भागच, पण विजेचा दाब एकदम उसळतो. आत दाब अडवण्याची सोय नसेल तर बारा व्होल्टच्या यंत्रणेत हा उसळा ८० ते १०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. काही नव्या अल्टरनेटरमध्ये तो दाबून धरणारे डायोड असतात. पण त्यांच्या भरवशावर वायर उचलण्याचे काही कारण नाही. ईसीयूच्या आतील चिप पाच व्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाबावर काम करते. तिला संरक्षण दिलेले असते, परंतु संरक्षणालाही मर्यादा आहे.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली, बॅटरी जितकी उतरलेली तितका अल्टरनेटर तिच्यात जास्त वीज ओततो, आणि तितका उसळा मोठा. म्हणजे ढकलून किंवा दुसऱ्याच्या बॅटरीवर चालू केलेल्या ट्रॅक्टरची वायर लगेच काढणे हे सर्वांत धोक्याचे. दुसरी, वायर हाताने काढली काय आणि खड्ड्यात आदळून सैल क्लॅम्प आपोआप सुटला काय, परिणाम एकच. उसाच्या फडातून निघालेल्या रस्त्यावर सैल टर्मिनल प्रत्येक धक्क्याला सुटते आणि जोडले जाते. ईसीयू एका दिवसात जाणार नाही, पण अधूनमधून दिवा लागणे, मधेच इंजिन बंद पडणे हे सुरू होईल, आणि दोष कोणालाच सापडणार नाही.

बॅटरी काढण्याची रीत

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, हँडब्रेक लावावा. इंजिन बंद करून किल्ली काढून खिशात ठेवावी. किल्ली ट्रॅक्टरला ठेवली की पोरंसोरं फिरवतात.

२. दिवे, टेप, पंखा, मोबाईलचा चार्जर, जीपीएसचा डबा, जे जे चालू असेल ते सारे बंद करावे. काही चालू राहिले तर वायर काढताना ठिणगी पडते.

३. किल्ली काढल्यावर कमीत कमी दोन मिनिटे थांबावे. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात जास्त वेळ सांगितला असेल तर तेवढा थांबावे. किल्ली बंद झाली तरी ईसीयू लगेच झोपत नाही. दिवसभराची नोंद आत लिहून मग तो बंद होतो. लिहिता लिहिता वीज तोडली तर नोंद अर्धवट राहते.

४. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. विडी-काडी दूर ठेवावी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने भडकतो आणि बॅटरी फुटून ॲसिड तोंडावर उडते.

५. प्रथम ऋण (वजा खुणेचे) टोक काढावे. हेच टोक चासीला जोडलेले असते. त्याचे कारण असे. धन टोकाचा नट सोडवताना पाना चुकून बॉनेटला किंवा चासीला लागला, आणि ऋण टोक जोडलेलेच असले, तर शेकडो अँपिअरचा शॉर्ट होतो. पाना लाल होतो, हात भाजतो, बॅटरी फुटू शकते. ऋण टोक आधी काढले तर पाना कोठेही लागो, काही होत नाही. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या काही यंत्रांत धन टोक चासीला जोडलेले असे. म्हणून तसे जुने यंत्र कोणाकडे असेल तर त्यांनी 'चासीला जोडलेले टोक आधी' असा नियम धरावा.

६. काढलेली ऋण वायर फडक्यात गुंडाळून बाजूला बांधावी, म्हणजे ती परत खांबाला चिकटणार नाही. मग धन टोक काढावे, पट्टी सोडवावी आणि बॅटरी सरळ उचलावी. तिरकी करू नये.

७. क्लॅम्प अडकला असेल तर हातोडी मारू नये, स्क्रूड्रायव्हर खुपसू नये. आतल्या प्लेटचा जोड निखळतो. कोमट पाणी ओतावे, नट पूर्ण सैल करावा, हलक्या हाताने फिरवून काढावा.

ज्यांच्या ट्रॅक्टरला बॅटरीचा कट-ऑफ स्विच आहे त्यांनी तो इंजिन बंद केल्यावर, तीच दोन मिनिटे थांबून, मगच फिरवावा. चालू इंजिनवर कट-ऑफ फिरवणे म्हणजे चालू इंजिनवर वायर उपटणेच.

बॅटरी बसवण्याची रीत

नवी बॅटरी आणताना तीन गोष्टी पाहाव्यात. जुनीइतक्याच अँपिअर-तासाची असावी. तिचे माप ट्रेमध्ये बसणारे असावे. आणि धन खांब जुनीच्या बाजूलाच असावा. डावा-उजवा बदलला की वायर पुरत नाही, मग ताणून, किंवा उलटी लावली जाते. उलटी वायर क्षणभर जरी लागली तरी अल्टरनेटरचे डायोड जातात, आणि नशीब वाईट असेल तर ईसीयूही. खूण पुसली असेल तर खांब पाहावा. धन खांब ऋण खांबापेक्षा किंचित जाड असतो. केवळ वायरच्या रंगावर जाऊ नये. मागच्या मेकॅनिकने दोन्ही काळ्या लावलेल्या असतात.

क्लॅम्पवर पांढरा-हिरवा क्षार जमला असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवावा, साध्या पाण्याने पुसून कोरडे करावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नये, आतले ॲसिड मरते. खांब आणि क्लॅम्प घासून चकचकीत करावेत.

आता क्रम उलटा. बॅटरी ट्रेमध्ये ठेवून पट्टी घट्ट करावी. प्रथम धन टोक, शेवटी ऋण टोक. ऋण टोक एकदाच, ठामपणे बसवावे. टेकवून, काढून, पुन्हा टेकवून पाहू नये. दोन्ही नट आवळल्यावर हाताने हलवून पाहावे, क्लॅम्प अजिबात फिरता कामा नये. मग वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. व्हॅसलीन जोडाच्या वरून लावायचे, जोडाच्या मध्ये नव्हे.

त्यानंतर किल्ली 'ऑन' करून पाच-दहा सेकंद थांबावे. मीटरचे दिवे लागून विझू द्यावेत, मगच स्टार्टर मारावा. इंजिन पाच मिनिटे मंद चालवावे. घड्याळ पुन्हा लावावे लागेल. तासांचा मीटर बहुतेक ट्रॅक्टरमध्ये पुसला जात नाही. इंजिनचा इशाऱ्याचा दिवा लागूनच राहिला तर पुढे न जाता मेकॅनिकला दाखवावे.

वेल्डिंग

आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान होते ते येथे. हंगामात हूक, दांडे, ट्रॉलीच्या कडा तुटतात आणि वेल्डर जागेवर येतो. वेल्डिंगची वीज शंभर-दोनशे अँपिअरची. ती रॉडमधून लोखंडात जाते आणि अर्थिंगच्या चिमट्यातून परत फिरते. परतीची वाट जवळची मिळाली तर ठीक. चिमटा जर ट्रॅक्टरला लावला आणि वेल्डिंग ट्रॉलीला, तर ती सारी वीज हुकातून, चासीतून, बेअरिंगमधून, ईसीयूच्या अर्थिंगमधून वाट शोधत जाते. वर सांगितलेल्या सभासदांचे हेच झाले.

म्हणून:

१. ट्रॉलीला वेल्डिंग करायचे असेल तर ट्रॅक्टर सोडवून बाजूला घ्यावा. पिन काढावी आणि ट्रॉलीच्या दिव्यांची वायरही काढावी. पिन काढून वायर तशीच ठेवली तर अर्धेच काम झाले.

२. ट्रॅक्टरलाच वेल्डिंग करायचे असेल तर वरच्या रीतीने बॅटरीची दोन्ही टोके काढावीत. पुस्तकात ईसीयूचे सॉकेट काढण्यास सांगितले असेल तर तेही काढावे. सॉकेट किल्ली 'ऑन' असताना कधीही ओढू नये.

३. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ, रंग खरवडून, त्याच तुकड्याला लावावा. मध्ये बेअरिंग, पिन किंवा बिजागरी येऊ देऊ नये.

४. वेल्डरची केबल ट्रॅक्टरच्या वायरिंगवरून नेऊ नये.

वेल्डर घाईत असतो, ट्रॅक्टर त्याचा नसतो. "काही होत नाही, रोज करतो" असे तो म्हणेल. त्याचे रोजचे काम जुन्या ट्रॅक्टरवर झालेले असते. सांगायचे काम मालकाचे किंवा ड्रायव्हरचे.

उतरलेली बॅटरी

पहाटे थंडीत बॅटरी उतरलेली सापडते आणि रांगेतील दुसऱ्या वाहनाची मदत घ्यावी लागते. त्यास हरकत नाही, पण आधी त्या वाहनाचा व्होल्ट विचारावा. ज्या ट्रकला दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, त्याच्यावरून १२ व्होल्टचा ट्रॅक्टर चालू करू नये. स्टार्टर जोरात फिरेल हे खरे, पण त्याच झटक्यात ईसीयू आणि मीटर जाण्याची भीती आहे.

१२ व्होल्टच्या वाहनावरून घेताना दोन्ही वाहने एकमेकांना चिकटवू नयेत. लाल केबल प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन खांबाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन खांबाला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण खांबाला, आणि तिचे शेवटचे टोक आपल्या ट्रॅक्टरच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटची ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी पडू नये म्हणून असे करायचे. इंजिन चालू झाल्यावर पाच-दहा मिनिटे मंद चालू द्यावे, पुढचे मोठे दिवे लावावेत आणि मग उलट्या क्रमाने केबल काढाव्यात. दिवे लावले की केबल काढतानाचा विजेचा उसळा काही अंशी त्यांत जिरतो.

चार्जरवर लावायची असेल तर बॅटरीची दोन्ही टोके ट्रॅक्टरपासून सोडवूनच लावावी. गावातील चार्जरवर जलद चार्ज करताना दाब कितीवर जातो याचा भरवसा नसतो. चार्जरचे चिमटे लावताना-काढताना चार्जरचे बटण बंद असावे.

टेप आणि जादा दिवे

हंगामात ट्रॅक्टर सजवण्याची हौस असते. त्याला आमचा विरोध नाही. रात्रीच्या खेपेला गाणे लागले की ड्रायव्हरचा डोळा लागत नाही हेही खरे. परंतु टेप, ॲम्प्लिफायर, एलईडीच्या पट्ट्या यांच्या वायरी थेट बॅटरीच्या क्लॅम्पखाली खुपसल्या जातात. त्यामुळे क्लॅम्प नीट बसत नाही आणि सैल राहतो. वर सांगितलेला खड्ड्यातला धोका येथूनच सुरू होतो. शिवाय बॅटरी बदलताना यातील एखादी वायर भलत्या टोकाला जाते. अशा सर्व वायरी एका फ्यूजमधून, वेगळ्या नटाखाली घ्याव्यात. ईसीयूच्या वायरिंगला सोलून कोठेही जोड मारू नये. ट्रॅक्टर धुताना जोराच्या पाण्याचा फवारा ईसीयूच्या सॉकेटवर मारू नये.

बॅटरीची तब्येत

बॅटरी वारंवार काढावी लागू नये हेच खरे. एक साधा मल्टिमीटर घरात असावा. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी सकाळी मोजावी:

१२.६ व्होल्ट किंवा जास्त: पूर्ण भरलेली.
१२.४ व्होल्ट: पाऊण भरलेली.
१२.२ व्होल्ट: निम्मी. चार्ज करावी.
१२.० व्होल्ट किंवा कमी: जवळजवळ उतरलेली.

मग इंजिन चालू करून पुन्हा मोजावे. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसले तर अल्टरनेटर ठीक आहे. १३ च्या खाली राहिले तर चार्ज होत नाही. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे. ट्रॅक्टर तसाच चालवू नये. चार्जिंग तपासण्यासाठी वायर उचलून ठिणगी पाहण्याची गरज आता कोणालाच नाही.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पंधरा दिवसांनी पाणी पाहावे. प्लेट बुडून वर बोटाच्या पेराएवढे नाही तरी अर्ध्या पेराएवढे पाणी असावे. डिस्टिल्ड पाणीच घालावे. विहिरीचे, बोअरचे पाणी नको आणि ॲसिड तर नकोच. ॲसिड डोळ्यांत उडाले तर चोळू नये. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा.

जुनी बॅटरी शिशासाठी घरी फोडू नये आणि ॲसिड बांधावर ओतू नये. शिसे विषारी आहे, ते मातीतून जात नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणेही जुनी बॅटरी ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणेकडे द्यावयाची असते, आणि विक्रेत्याकडे परत केली तर तिचे पैसे नवीच्या किमतीत वजाही होतात.

सभासदांच्या काही शंका

*शंका:* माझा ट्रॅक्टर पन्नासच्या आतला, साध्या पंपाचा आहे. मला याची गरज काय?

*उत्तर:* आपल्याकडे ईसीयू नसेल, पण अल्टरनेटरचे डायोड, रेग्युलेटर आणि मीटर आहेत. त्यांचाही खर्च काही कमी नाही. आणि पाना लागून होणारा शॉर्ट सर्व ट्रॅक्टरना सारखाच. शिवाय आपला ड्रायव्हर उद्या दुसऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरवर बसेल. सवय एकच असू द्यावी.

*शंका:* बॅटरी काढली की ईसीयूतील प्रोग्रॅम पुसला जातो का?

*उत्तर:* नाही. मूळ प्रोग्रॅम वीज नसतानाही टिकतो. रीतीने काढली तर काही बिघडत नाही. म्हणून बॅटरी बदलताना बाहेरून दुसरी बॅटरी लावून ठेवण्याची खटपट करू नये. त्यात उलटे टोक लागण्याचाच धोका अधिक.

*शंका:* ट्रॅक्टर दोन महिने उभा राहणार आहे. बॅटरी जोडलेली ठेवू की काढू?

*उत्तर:* ऋण टोक काढून ठेवावे. मीटर आणि ईसीयू थोडी थोडी वीज पीतच असतात. महिन्यातून एकदा चार्ज करावी.

*शंका:* गेलेला ईसीयू जुन्या बाजारात मिळणार नाही का?

*उत्तर:* वरच्या त्या सभासदांनीही हाच विचार केला होता. त्यांचे मेहुणे घाटकोपरला असतात. ते कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात दोन दिवस फिरले. हुबेहूब तसाच खोका एका दुकानात दिसलाही. दुकानदार मात्र सरळ माणूस निघाला. त्याने सांगितले, "हा जीपचा आहे. खोका सारखा दिसतो, पण आतला हिशोब वेगळा. नेऊन पैसे वाया घालवू नका." त्याचे बरोबर होते. ईसीयूमध्ये त्या त्या इंजिनचा प्रोग्रॅम आणि त्या त्या इंजेक्टरचे आकडे भरलेले असतात. डायनॅमो कुठलाही आणून बसवता येत होता, तसा हा बसवता येत नाही. नवा आणला तरी कंपनीच्या यंत्राने त्यात माहिती भरावी लागते. नऊ दिवस लागले ते त्यामुळेच.

शेडमध्ये लावण्यासाठी

खालील मजकूर कापून ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, ड्रायव्हरच्या नजरेसमोर चिकटवावा.

इंजिन चालू असताना बॅटरीला हात नाही.
किल्ली काढा, दोन मिनिटे थांबा.
काढताना आधी ऋण, बसवताना शेवटी ऋण.
वेल्डिंगपूर्वी ट्रॉलीची पिनही काढा, दिव्यांची वायरही काढा.
२४ व्होल्टवरून १२ व्होल्टचा ट्रॅक्टर चालू करू नका.
सैल क्लॅम्प दिसला की तेथेच थांबून आवळा.

यंदाच्या हंगामात एकाही सभासदाचा ट्रॅक्टर या कारणाने उभा राहू नये, एवढीच अपेक्षा आहे. बॅटरीविषयी शंका असल्यास कारखान्याच्या वाहन विभागात विचारावे. ट्रॅक्टर घेऊन येण्याची गरज नाही, ड्रायव्हरला पाठवले तरी चालेल. त्याला प्रत्यक्ष वायर काढून-बसवून दाखवण्यात येईल.